अंगठ्यांचं घर

ऊम आपोलस खोकं उचलायचे ते करडू उचलल्यासारखं. एक हात खालून, एक वरून, आणि तोंडाने कसलंसं गुणगुणणं चालू. पण खोक्यात करडू नसायचं. वाळू असायची, गारेचे, म्हणजे गारगोटीचे, पांढरे खडे असायचे, आणि त्या खड्यांतून डोकावणारे अंगठे.

अंगठे म्हणजे झाडंच. बघून कोणाला झाड वाटणार नाही. खोड नाही, फांदी नाही. दोन गुबगुबीत पानं एकमेकांना चिकटून झालेला एक गोळा आणि डोक्यावर बारीक चीर. टेकडीवर गारेच्या भेगांमध्ये ते ओळीने बसलेले असतात. वाटतं, टेकडीखाली कोणीतरी झोपलंय, पांघरूण आखूड पडलंय आणि पायाची बोटं बाहेर राहिलीत. लहान असताना त्यांच्याजवळून जाताना मी बोलायचीसुद्धा नाही. जागं झालं कोणी, तर?

माझा भाऊ येफ्ता मात्र तिथे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेला. किनाऱ्याकडून गाडीतून एक माणूस आला होता. परदेशात लोक हे खिडकीत मांडतात, म्हणाला, पिशवी भरून दे. ही झाडं उपटायला कायद्याने बंदी आहे. येफ्ताने पिशवी भरली आणि रस्त्यावरच धरला गेला. तो तुरुंगात गेला, अंगठे कुठल्याशा बागेत गेले. मग उन्हाळा सरताना एक गाडी आली आणि खोकी आमच्या गावात उतरवून गेली. तुमच्या टेकडीचे आहेत, तुम्हीच लावा.

लावा म्हणायला काय जातं! गावातली म्हातारी मंडळी बसली. आम्ही नामा लोक, पिढ्यान्‌पिढ्या या वाळवंटात शेळ्या राखणारे, आमच्यात बसणं म्हणजे कॉफीची किटली चुलीवरून उतरतच नाही. शेवटी ऊम आपोलस बोलले, "ज्या हाताने उपटलं त्याच हाताने लावायचं. सगळे लावून झाले की येफ्ता आमच्या शेकोटीशी बसेल. तोवर त्याच्याशी कोणी बोलायचं नाही."

शेकोटीशी बसायचं नाही म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या जन्माआधी एका माणसाला असंच उठवलं होतं. त्याची आई गेली तेव्हा तो वरच्या रस्त्यावर उभा राहून बघत होता. खाली आला असता तर कोणी अडवलं नसतं. पण बोललंही नसतं. तो आलाच नाही.

म्हणजे गोष्ट सरळ होती. येफ्ता सुटणार ऐन हिवाळ्यात, आमच्याकडे तो जुलैत असतो. तोवर अंगठे जगायला हवेत. मेले तर त्याच्या हाताला लावायला काही उरणार नाही, आणि माझा भाऊ जन्मभर वरच्या रस्त्यावरूनच बघणार.

सांभाळायचं काम ऊमवर आलं आणि माझ्यावर. ऊम आपोलस माझ्या आईचे थोरले भाऊ. आमच्यात वडीलधाऱ्या पुरुषाला ऊमच म्हणतात, मामा असो की परका. आई किनाऱ्यावर मासळीच्या कारखान्यात, म्हणून मी ऊमकडे. शाळा मी सोडली होती. मास्तरांनी डस्टर फेकला, मी परत फेकला, माझा लागला. एवढंच.

"रिकामी हिंडतेस ना, लिसबेत," शेजारची आंटी मागरिता म्हणाली, "मग जिभेला सुट्टी दे आणि हाताला काम."

"तुमची जीभ कधी सुट्टीवर गेलेली बघितली नाही मी, आंटी."

"माझी जीभ पेन्शनीत निघाल्येय, बाई. तिला आता कोण बोलणार?"

आमचं गाव खोलगटात आहे. पूर्वी इथून नदी वाहायची म्हणतात. आता फक्त तिची वाळू उरल्येय, आणि सकाळी समुद्राकडून धुकं येतं तेव्हा वाटतं नदी परत आली. पांढरी, आवाज न करणारी. तिच्यात शेळ्या पोहत असतात, नुसती शिंगं दिसतात. मी दारात उभी राहून ते बघत बसायची आणि ऊम ओरडायचे, "खोकी! खोकी बाहेर काढ!"

कारण रात्री खोकी घरात असायची. घरात म्हणजे ऊमच्या चटईघरात. गावात बाकीच्यांनी चटईघरं स्वयंपाकाला ठेवलीत आणि स्वतः सरकारी विटांच्या घरात झोपतात. आमच्याकडे उलटं. विटांच्या घरात पिठाची पोती आणि मी, चटईघरात ऊम. वाकवलेल्या काठ्यांची घुमटी आणि वर लव्हाळ्याच्या चटया. उन्हात लव्हाळं आकसतं, फटीफटीतून वारा येतो. पावसात ते फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. या चटया कात्रीनाने विणल्या होत्या, ऊमच्या बायकोने. ती गेलीही याच घरात. तिचं अंथरूण जिथे असायचं तिथे ऊम काही ठेवत नाहीत. आम्हालाही बसू देत नाहीत.

"रात्री बाळांना कोणी बाहेर ठेवतं का?" ते म्हणायचे, आणि शेकोटीभोवती खोकी मांडायचे. थंडीत जन्मलेली करडं ते अशीच आत घेतात. आयुष्यभर शेळ्या राखल्या ना, त्यांना दुसरं काही सुचतच नाही.

संध्याकाळी मी तिथे बसले की माझे डोळे मिटायला लागायचे. धूर वर घुमटीत गोल फिरायचा. विस्तवाचा उजेड अंगठ्यांच्या डोक्यांवर पडायचा आणि ते ओले दिसायचे, नुकतेच न्हाऊन आल्यासारखे. कधीकधी मला वाटायचं ते श्वास घेतात. सगळे एकदम, हळू. ऊमचं गुणगुणणं आणि त्यांचा श्वास एका लयीत. मग मी दचकून जागी व्हायची आणि ऊम हसायचे, "झोपली, झोपली! राखणदार झोपली!"

पण झोपाळू असले तरी मला दिसतं. मे संपताना दिसलं की अंगठे बदलतायत. टेकडीवरचे असतात कडक, करडे-हिरवे, नखाने टोचलं तर नख वाकेल. खोक्यातले फुगले होते. कातडी पातळ, रंग फिका, काहींना बाजूने चिरा गेलेल्या. आणि सगळे दाराच्या दिशेला कलले होते, जसं कोणीतरी बाहेरून हाक मारतंय.

"ऊम, हे सुजलेत."

"बाळसं धरलंय."

"बाळसं नाही, सूज आहे. बोट लावून बघा, लोण्यासारखे लागतात."

"तू किती पोरं वाढवलीस?"

"तुम्ही तरी किती झाडं वाढवलीत? ही करडं नाहीत, ऊम! यांना ऊब दिली की यांना वाटतं थंडी संपली!"

मी ओरडलेच होते. ऊमनी शेकोटीत एक लाकूड आणखी सारलं. माझं टाळकं सरकलं. त्या संध्याकाळी मी एक खोकं मुद्दाम बाहेर ठेवलं, विटांच्या घरामागे, वरून प्लास्टिकचा कागद नीट ताणून. म्हटलं आता दाखवते म्हाताऱ्याला.

सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय आली होती. कागद आतून घामेजलेला, तो घामही गोठलेला. जिथे जिथे कागद अंगठ्यांना टेकला होता तिथे ते काचेसारखे झाले होते. आरपार दिसायचं. सुंदर दिसत होते, खोटं कशाला बोलू. ऊन वर आलं आणि ते विरघळले, भिजलेल्या साबणासारखे. बोटाला लागलं ते पाणीच.

ऊम येऊन बघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. खोकं तेवढं त्यांनी उचललं, तसंच, करडासारखं.

मग जुलै लागला आणि मोबाइलवर बातमी फिरायला लागली की दक्षिणेकडून मोठी थंडी येतेय, पठारावर बर्फ पडणार. येफ्ता शनिवारी येणार होता, संध्याकाळच्या गाडीने. थंडी गुरुवारी पोचणार होती.

खोकी आत ठेवावीत तर ऊब त्यांना आणखी मऊ करणार, आणि शेकोटी विझल्यावर पहाटेची थंडी चटईतून आत येणार. बाहेर ठेवावीत तर काच. मी ऊमना म्हटलं, आपण आत्ताच टेकडीवर लावू या. ज्याच्या त्याच्या भेगेत ते वाचतील.

"आणि येफ्ता?"

"येफ्ताला काय करायचंय त्यांचं? मेलेले लावणारे का तो?"

"ज्या हाताने उपटलं…"

"तुमचा तो हात गेला खड्ड्यात!"

आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळीच एक खोकं काखोटीला मारून मी निघाले.

धुकं इतकं दाट होतं की मला माझे पाय दिसत नव्हते. चढायला लागले. चढता चढता कुठेतरी धुक्यातून डोकं बाहेर आलं, पाण्यातून यावं तसं, आणि वर ऊन होतं. पांढऱ्या गारेचा अख्खा उतार चमकत होता. डोळे किलकिले करून मी एका खडकाजवळ बसले, खोकं मांडीवर घेतलं. एक अंगठा काढला. त्याची मुळं केसांसारखी, माझ्या करंगळीला गुंडाळली गेली. समोरच एक रिकामी भेग होती. फक्त ठेवायचा आणि दाबायचा.

ठेवला की तो वाचणार. आणि मी असा वाचवलेला प्रत्येक अंगठा येफ्ताच्या वाट्यातून कमी होणार. मला शेकोटी दिसायला लागली, आणि तिच्याभोवती बसलेले सगळे, आणि लांब वर रस्त्यावर एक माणूस. त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण उभं राहायची ढब येफ्ताची होती. एका पायावर भार टाकून.

मी तशीच बसून राहिले, अंगठा हातात धरून. किती वेळ, माहीत नाही. खडकाच्या वाटीत पावसाचं पाणी साचलं होतं. एक सरडा येऊन त्यातलं पाणी प्यायला आणि गेला. सरडा! आणि पाणी! पाण्यावर साय नव्हती. खाली गावात मी निघताना बादलीतला बर्फ फोडून पाणी घेतलं होतं.

"लाव ना," मागून आवाज आला. ऊम आपोलस, काठी टेकत, धापा टाकत. "थांबलीस का? लाव. शनिवारी येफ्ताच्या हातात आपण दगड देऊ."

"ऊम, इथे बर्फ नाही."

"काय?"

"बोट घाला इथे. पाण्यात. खाली बादली गोठली होती आणि इथे सरडे हिंडतायत."

ऊमनी पाण्यात बोट घातलं, मग चाटलं, का कोण जाणे. मग खाली बघितलं. गाव दिसतच नव्हतं, नुसती धुक्याची वाटी भरलेली.

"थंडी उतरते," ते हळूच म्हणाले. "पाण्यासारखी उतरते आणि खाली तुंबते. माझ्या बापाला माहीत होतं. हिवाळ्यात आम्ही घर घेऊन इथेच यायचो, या उतारावर. आणि मी रोज संध्याकाळी काय करतो? शेळ्या वर चढायला बघतात आणि मी त्यांना आईबापावरून शिव्या घालत खाली आणतो."

"म्हणजे शेळ्यांना कळतं आणि तुम्हाला नाही."

"तुलाही नाही कळलं. प्लास्टिकवाली!"

मला हसू आलं. रागच आला होता, पण हसू आधी आलं. म्हटलं, "मग आणू या ना घर. अंगठे घरात नेण्यापेक्षा घरच अंगठ्यांकडे आणू."

ऊमनी काठी सावरली. "घर हलणार नाही," ते म्हणाले आणि वळून उतरायला लागले.

हल्ली आमच्यात घर कोणी हलवत नाही. नळ आला, शाळा आली, लोक जागच्या जागी राहिले. आता चटईघर उचलतात ते घरधनी मेला की, तेव्हाच. आणि या घराखाली कात्रीनाची जागा होती. तेवढं मला कळत होतं, म्हणून मी तोंड मिटून अंगठा खोक्यात परत ठेवला आणि त्यांच्या मागून उतरले. मला तोंड मिटायला काय लागतं ते कोणाला कळणार नाही.

दिवसभर ऊम घरात बसून होते. त्या मोकळ्या जागेजवळ. कॉफी दिली ती निवली, राखेतली भाकर तशीच राहिली. मी दारातून डोकावले तर ते चटईच्या एका टाक्यावरून बोट फिरवत होते, उलट दिशेने, जसा टाका उसवतात.

बुधवारी दुपारी टिकावाचा आवाज आला. ऊम घराच्या काठ्यांचे पाय मातीतून मोकळे करत होते.

आंटी मागरिता पळत आली, डोक्याचा रुमाल सुटलेला. "कोण गेलं? देवा, कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, मागरिता."

"मग घर का काढतोस? तू मेल्यावर काढायचं ते!"

"मी मेल्यावर मला कुठे बघायला मिळणार? बाजूला हो, पायावर काठी पडेल."

खरं तर चटईघर सोडायचं असतं. गाठी सोडायच्या, काठ्या सरळ करून गाढवावर लादायच्या. पण या काठ्या इतकी वर्षं वाकून राहिल्या होत्या की सरळ करायला गेलं असतं तर कडाकड मोडल्या असत्या. मग चटया तेवढ्या उतरवून गुंडाळल्या, गाढवांवर घातल्या. आणि सांगाडा आहे तसाच उचलायचं ठरलं. गावातले हाताशी होते ते सगळे आले. आत शिरले, एकेकाने एकेक काठी धरली.

"माझ्या नवऱ्याने लग्नात मला उचललं नाही," आंटी मागरिता काठी धरत म्हणाली, "आणि आता मी दुसऱ्याचं घर उचलत्येय."

"त्याला कंबर प्यारी होती, आंटी!" कोणीतरी ओरडलं.

"हसवू नका रे, घर खाली बसेल!"

घर उठलं. मला वाटलं होतं जड असेल. पण इतक्या हातांत ते असं उचललं गेलं, जणू त्याचीच इच्छा होती. मी मागची काठी धरली होती. चालायला लागलो आणि दुपारचं धुकं आत आलं. चटया नव्हत्या, त्यामुळे ते घराच्या फासळ्यांमधून आरपार जात होतं. आम्ही घरात होतो आणि घर चालत होतं. पुढे कोण आहे दिसत नव्हतं, फक्त पाय, खूप पाय, आणि डोक्यावर वाकलेल्या काठ्या. कोणीतरी जुनं गाणं धरलं, मोसम बदलताना म्हणायचं. म्हाताऱ्यांना शब्द येत होते, आम्ही नुसतं हूं हूं करत होतो. मला वाटलं आपण कधीपासून असेच चालतोय. माझ्या आधी कोणीतरी ही काठी धरली होती, माझ्यानंतरही कोणीतरी धरेल. मागून शेळ्या आपणहून येत होत्या, शिव्या न खाता.

एकदाच मी वळून बघितलं. गावात घराच्या जागी एक गोल उरला होता, शेण आणि चरबीने सारवून सारवून काळा झालेला, मध्ये शेकोटीचा खड्डा. ऊम तिथे एकटे उभे होते. ते खाली वाकले, कात्रीनाच्या जागेवर तळवा टेकवला, आणि मग तोच हात खिशात घालून आमच्यामागून चढायला लागले. हात त्यांनी वर येईपर्यंत खिशातून काढला नाही.

उताराच्या मध्यावर घर टेकवलं. चटया दुहेरी घातल्या, दाराला जाड चटई. खोकी आत ठेवली, जमिनीवर नाही, दगडांवर. शेकोटी नाही. पाणी तर मी कधीचंच बंद केलं होतं. अंगठे जितके कोरडे तितकं त्यांच्यात गोठायला पाणी कमी, हे मला त्या साबण झालेल्यांनी शिकवलं होतं. ऊमना आत झोपायला सांगितलं तर म्हणाले, "माझ्या श्वासाची ऊब लागेल त्यांना, आणि तू परत बोंब मारशील." त्यांनी बाहेर झुडपांचा आडोसा केला आणि शेळ्यांच्या घोळक्यात, कातडी पांघरून आडवे झाले.

गुरुवारची थंडी आली. तिच्याबद्दल काय सांगू? आवाज बंद झाले. कुत्री भुंकायची थांबली. चांदण्या इतक्या खाली आल्या की दात दुखायला लागले.

उजाडलं तेव्हा खाली खोलगट पांढरं होतं. या वेळी ते धुकं नव्हतं. वाळू, छपरं, काळा गोल, सगळं मिठाने मढवल्यासारखं. आमच्या उतारावरही काही ठिकाणी दंवाची पांढरी बुरशी धरली होती, चटयांवर धरली होती. मी धावले आणि दाराच्या चटईला हात घातला.

ऊमनी माझं मनगट पकडलं.

"सोडा! बघू दे जिवंत आहेत का!"

"ऊन समोर आहे. उघडलंस तर थेट आत पडेल. गारठलेलं करडू कोणी शेकोटीत टाकतं का? आधी त्याचं रक्त त्याला परत येऊ दे."

"किती वेळ?"

"ऊन डोक्यावर येईपर्यंत."

मी शिव्या दिल्या. सगळ्या दिल्या, शाळेतल्या, शाळेच्या हॉस्टेलमधल्या. ऊम माझं मनगट धरून दारापुढे बसून राहिले आणि मलाही बसवलं. मग शिव्या संपल्या. चटईवरचं दंव ओलं होऊन थेंब थेंब गळायला लागलं. लव्हाळं फुगलं होतं, एकही फट नव्हती. ऊन वर जाईल तसा चटयांतून बारीक आवाज येत होता, टिक, टिक, लव्हाळं परत आकसायचा. मला वाटलं आत कोणीतरी नखांनी वाजवतंय. मी डोळे मिटून ऐकत राहिले. मला आयुष्यात इतका वेळ एका जागी कोणी बसवलं नव्हतं.

ऊन डोक्यावर आल्यावर ऊमनी चटई बाजूला केली.

वाऱ्याच्या बाजूचं खोकं गेलं होतं. त्यातले बहुतेक पाणी झाले होते. दुसऱ्या खोक्यांतही जे सगळ्यात सुजले होते ते मधूनमधून गेले. पण बाकीचे उभे होते. मी बोट लावलं. कडक. थंडीने त्यांना आवळून घेतलं होतं, रंग थोडा लालसर झाला होता, चिडलेल्या माणसाच्या कानासारखा. मी एकेकाला बोट लावत गेले आणि ऊम म्हणाले, "पुरे, आता तुझ्याच बोटाने मरतील."

शनिवारी सकाळी मी वरच होते, चटया उन्हाला उचलत होते. वरच्या रस्त्यावर गाडी थांबली आणि एक माणूस पिशवी घेऊन उतरला. संध्याकाळी येणार होता, त्याला सकाळचीच गाडी मिळाली. एका पायावर भार. येफ्ता!

मी हाक मारली, पण वारा उलटा होता. तो खाली गावात गेला. लोक दारांत आले. कोणी बोललं नाही, ठरलंच होतं तसं. आंटी मागरितासुद्धा तोंडावर रुमाल धरून उभी, नाहीतर ती बोललीच असती. येफ्ता त्या सगळ्या गप्प माणसांमधून चालत आमच्या अंगणापर्यंत आला आणि काळ्या गोलापुढे थांबला.

त्याने टोपी काढली.

मला एका क्षणात कळलं त्याला काय दिसत होतं. घर उचललेलं. दारोदार माणसं गप्प. तो गुडघ्यावर बसला, शेकोटीच्या खड्ड्यात हात घातला, बराच वेळ. मग उठला, टोपी न घालता वळला आणि रस्त्याकडे चालायला लागला. गाडी अजून तिथेच होती, ड्रायव्हर टायर बघत होता.

मी सुटले. वाटेने नाही, सरळ घळीतून. दगड माझ्याआधी गडगडत खाली जात होते. पायातली एक चप्पल गेली, दुसरी मीच फेकली. ड्रायव्हर गाडीत बसला तेव्हा मी रस्त्याला पोचले आणि येफ्ताची पिशवी मागून धरली ती तोंडावरच पडले.

"लिसबेत?" त्याचा चेहरा राखेने माखलेला, राखेतून पाण्याच्या वाटा. "कधी गेले ऊम?"

"कुठे?"

"मला कळवायचं तरी. मी… माझ्यामुळे…"

"अरे गाढवा! घर वर गेलंय, टेकडीवर! ऊम घराबरोबर गेलेत! शेळ्या पण गेल्यात! सगळे गेलेत आणि तू चाललास उलटा!"

"पण लोक…"

"लोकांनी बोलायचं नाही असं ठरलंय! म्हणून काही मेलं नाही कोणी!" मी त्याला मारत होते, कुठे लागतंय बघत नव्हते. तो मार खाऊन घेत होता, आणि मग तो हसायला लागला की रडायला, मला नक्की सांगता येणार नाही. गाडी निघून गेली.

वर ऊम दारापुढे बसले होते. त्यांनी येफ्ताकडे बघितलं नाही. त्याच्या हातांकडे बघितलं.

"धुऊ नकोस," ते म्हणाले. "मातीच लागणारे."

येफ्ताने खोकं घेतलं. टेकडीवर खुणा बुजत नाहीत. स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे गारेवर तसेच होते, पांढऱ्यावर पांढरे. तो रांगत एकेक भेग चाचपत होता, आणि त्याच्या बोटांना आठवत होतं बहुतेक, कारण तो फारसा थांबत नव्हता. एक अंगठा बसला. दुसरा बसला. तो खडे आत सारायचा, अंगठ्याने दाबायचा, पुढे सरकायचा. मी त्याच्यामागे खोकं ओढत होते.

मग एक बसेना. येफ्ताने फिरवून बघितला, भेग खरवडून बघितली. ती त्याचीच भेग होती, पण तो तिच्यात मावत नव्हता.

"हा मोठा झालाय," येफ्ता म्हणाला. "असा नव्हता."

मी ऊमकडे बघितलं. माझ्या जिभेवर होतं सगळं. शेकोटी, बाळसं, सगळं. मी काही बोलायच्या आत ऊम उठले, काठी टाकली आणि येफ्ताशेजारी गुडघे टेकायला लागले. एक गुडघा, मग कण्हत दुसरा. हात पुढे केला.

"आण इकडे," ते म्हणाले. "हा मी बिघडवलाय. हा माझ्या हाताने लागेल."

येफ्ता सरकला. ऊमच्या गुडघ्याखाली एक टोकदार खडा होता, तो त्याने काढून लांब फेकला, आणि मग दोघं मिळून जरा रुंद भेग शोधायला लागले.